तापलेले इंजिन पुन्हा सुरू का होत नाही?

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या नकाशावर पूर्वेकडे रेल्वे आणि इमारतींची गर्दी दिसते. पश्चिमेच्या टोकाला मात्र उत्तन, पाली, चौक ही मच्छीमारांची गावे अजून समुद्राच्या वेळापत्रकाने चालतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळी लावायची, पाणी फिरले की ती उचलायची आणि बोंबील किनाऱ्यावर आणून बांबूंच्या मांडवावर वाळत घालायचे, असा येथला क्रम आहे. शिडांचे दिवस सरले. आज ही सारी ये-जा इंजिनावर चालते, आणि त्यातही प्रामुख्याने डिझेल इंजिनावर.

या इंजिनांबद्दलची एक तक्रार कोणत्याही बंदरावर ऐकू येते. ‘पहाटे एका सेल्फात सुरू होते. तास-दोन तास मस्त चालते. मग जाळ्यापाशी चाल कमी केली की बसते, आणि एकदा बसले की गार होईपर्यंत काही केल्या उठत नाही.’ तक्रार साधी वाटते, पण इंजिन बसण्याची वेळ पाहावी. चाल कमी करायची ती जाळे उचलताना, दुसऱ्या बोटीजवळून जाताना, किंवा किनाऱ्याजवळच्या खडकांमधून वाट काढताना. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार ते पाच मीटरचा फरक पडतो. एवढे पाणी सहा तासांत आत येते आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जाते. वसईच्या खाडीच्या तोंडाशी प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर दहा मिनिटे बंद पडलेली बोट ६०० मीटर वाहत जाईल. ती कोठे जाईल हे प्रवाह आणि वारा ठरवतात, तांडेल नव्हे. म्हणून अशा वेळी पहिले काम नांगर टाकण्याचे. इंजिनाकडे त्यानंतर वळावे.

आता शास्त्राकडे येऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे ज्या इंजिनाची यशस्वी चाचणी दिली त्याचे मर्म हेच होते. हवा किती तापते याचा हिशेब अकरावी-बारावीचा विद्यार्थी करू शकेल. ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्विन तापमानाची हवा मूळ आकारमानाच्या सतराव्या भागात दाबली आणि उष्णता जराही बाहेर गेली नाही असे मानले, तर तापमान सुमारे ९४० केल्विनपर्यंत जाते. प्रत्यक्षात थंड सिलिंडरच्या भिंती बरीच उष्णता शोषतात. घातांक १.४ ऐवजी १.३ घेतला तर उत्तर सुमारे ७१० केल्विन येते, म्हणजे ४३५ अंश सेल्सिअसच्या आसपास. डिझेल आपोआप पेटायला साधारणपणे सव्वादोनशे-अडीचशे अंश लागतात, तेव्हा एवढे तापमान पुरेसे आहे.

येथेच पहिला धागा हाती लागतो. इंजिन गरम असेल तर भिंती कमी उष्णता शोषतील, हवा अधिक तापेल. म्हणजे गरम डिझेल इंजिन थंड इंजिनापेक्षा लवकर सुरू झाले पाहिजे! निरोगी इंजिनाचे तसेच होते. आपले इंजिन उलटे वागत असेल, तर उष्णतेने होणारा हा फायदा गिळून वर आणखी तोटा करणारे काहीतरी त्यात आहे. ‘काय बिघडले असेल?’ असा मोघम प्रश्न विचारण्यापेक्षा ‘तापल्यामुळे कोणती गोष्ट वाईट होते?’ असा विचारला की संशयितांची यादी एकदम आखूड होते.

परंतु त्याआधी एक सापळा ओळखला पाहिजे. इंजिन तासभर चालल्यावर तापते हे खरे, पण त्या तासाभरात इतरही गोष्टी घडतात. टाकीतले डिझेल कमी होते, गाळणीत गाळ साचतो, बोट हेलकावे खाऊन टाकीच्या तळचा कचरा ढवळला जातो. ‘तापल्यावर बंद पडते’ असे आपण म्हणतो तेव्हा ते कदाचित ‘तासाभराने बंद पडते’ एवढेच असते. काळ आणि ताप हातात हात घालून चालतात. त्यांना सोडवणे हे प्रयोग करणाऱ्याचे काम.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे टाकीचे श्वासछिद्र. डिझेल बाहेर जाईल तसतशी टाकीत हवा यावी म्हणून एक बारीक नळी ठेवलेली असते. तिचे तोंड मिठाने, रंगाने किंवा एखाद्या किड्याच्या मातीच्या घराने बुजले की टाकीत हवा विरळ होऊ लागते. समजा, टाकी जवळजवळ भरलेली आहे आणि डिझेलच्या वर फक्त ५ लिटर हवा आहे. २ लिटर डिझेल खर्च झाले की तीच हवा ७ लिटर जागा व्यापते. बॉइलच्या नियमाने दाब पाच सप्तमांश, म्हणजे ०.७१ वातावरण होतो. उरलेल्या ०.२९ वातावरणाविरुद्ध डिझेल ओढणे म्हणजे साडेतीन मीटर खोल विहिरीतून ते उपसण्यासारखे आहे. फीड पंपाला ते जड जाते आणि इंजिन उपाशी मरते. थोड्या वेळाने कोठून तरी हवा झिरपून दाब सावरतो आणि इंजिन पुन्हा सुरू होते. लोक म्हणतात, ‘गार झाले म्हणून सुरू झाले.’ गंमत अशी, की टाकीत १०० लिटर हवा असती तर २ लिटर डिझेल जाऊन दाब जेमतेम दोन टक्के उतरला असता. म्हणजे बुजलेल्या छिद्राचा त्रास भरलेल्या टाकीत लवकर होतो, रिकाम्या टाकीत उशिरा. परीक्षा फुकटची आहे: इंजिन बसताच टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा ‘सूं’ आवाज आला आणि इंजिन लगेच उठले, तर तापाचा संबंध नाही.

गाळणी तुंबली असेल तर लक्षण वेगळे दिसते. पूर्ण वेगात डिझेल जास्त लागते, म्हणून तुंबलेली गाळणी पूर्ण वेगात नडते आणि चाल कमी केली की इंजिन सावरते. आपली तक्रार याच्या नेमकी उलट आहे. नळीच्या जोडातून हवा घेण्याचा दोषही पुष्कळांच्या मनात पहिला येतो. फीड पंपाच्या आधीच्या नळीत दाब वातावरणापेक्षा कमी असतो, त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर न गळता हवा आत येते. बाहेरून सारे कोरडे दिसते, म्हणून हा दोष फसवा. पण विचार करा, अशा नळीतले डिझेल रात्रभरात टाकीकडे उतरून जाईल. म्हणजे पहाटेचा पहिला सेल्फ सर्वांत कठीण गेला पाहिजे. पहाटे एका सेल्फात सुरू होणाऱ्या इंजिनावर हा आरोप सहसा टिकत नाही. फक्त तापून मऊ पडलेल्या रबरी नळीचा अपवाद ठेवावा. एअर काढून, हाताने डिझेल भरूनही फरक पडला नाही, तर हा संशयित सोडून द्यायला हरकत नाही.

खऱ्या अर्थाने तापामुळे बिघडणाऱ्या गोष्टी आमच्या मते मुख्यतः दोन उरतात. पहिली झडपांची. झडपेचा दांडा तापून लांबतो. १२० मिलिमीटर लांबीची पोलादी वस्तू २०० अंशांनी तापली तर सुमारे ०.२८ मिलिमीटर वाढते. ही वाढ सामावण्यासाठी टॅपेटमध्ये मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढी फट ठेवतात आणि फीलर गेजने मोजतात. कोणी ती फट आवळून ठेवली, तर थंडीत झडप नीट बसते, तापल्यावर ती किंचित उघडीच राहते, आणि दाबायची हवा निसटून जाते. गरम इंजिन हँडलने फिरवताना नेहमीचा विरोध लागला नाही, तर इकडे पाहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे डिझेल पंप, आणि येथे थोडे थांबू, कारण या यंत्रातले भौतिकशास्त्र फार सुंदर आहे.

डिझेलचा फवारा मारायला नोझलपाशी वातावरणदाबाच्या सुमारे दोनशे पट दाब लागतो. त्याहून कमी दाबाला नोझल उघडतच नाही. हा दाब निर्माण करणारा पंप मोठ्या प्रमाणावर प्रथम बनवला तो रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने, १९२७ साली. त्यात एक पोलादी दट्टू पोलादी नळीत सरकतो. दोहोंमध्ये रबर नाही, वॉशर नाही. गळती थांबवते ती केवळ फटीची बारकाई, आणि ही फट असते दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. मिस्त्री लोक या जोडीला ‘एलिमेंट’ म्हणतात; तिच्यातला दट्टू दुसऱ्या नळीत घालून चालत नाही, इतके ते एकमेकांसाठी घासून बसवलेले असतात. वितरक पद्धतीच्या पंपात हेच काम फिरता रोटर आणि त्याभोवतीचे पोलादी डोके मिळून करतात.

या फटीतून दर फटक्याला थोडे डिझेल मागे गळतेच. किती गळेल हे तीन गोष्टींवर ठरते. एक, फटीची रुंदी. फट दुप्पट झाली तर वाट दुप्पट रुंद होते, शिवाय मधल्या थराला भिंतींचा अडसर कमी होऊन तो चौपट वेगाने वाहतो. म्हणून गळती दुप्पट नव्हे, आठपट. दुसरी, डिझेलची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध. भारतीय मानकानुसार ४० अंशांना डिझेलची श्यानता २ ते ४.५ सेंटिस्टोक असावी लागते. ८० अंशांना ती साधारण निम्मी होते, गळती दुप्पट. तिसरी गोष्ट वेळ. फटका सावकाश असेल तर गळायला अवधी जास्त मिळतो.

सायकलचा हातपंप आठवा. आतले चामडे झिजले असेल तर दांडा हळूहळू दाबताना हवा चामड्याच्या कडेने निसटते, ट्यूबचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. तोच पंप झटकन दाबला की हवा भरली जाते. झिजलेल्या पंपाला घाई चालते, सावकाशपणा चालत नाही.

आता आकडे मांडून पाहू. नवा पंप, थंड डिझेल, इंजिनाचे मिनिटाला १५०० फेरे, अशा वेळी एका फटक्यातल्या गळतीला १ एकक म्हणू. सेल्फने इंजिन फिरते ते मिनिटाला १५० फेऱ्यांच्या आसपास, म्हणून नव्या पंपातही सुरू करताना गळती १० एकक. पंप झिजून फट तीनची सहा मायक्रॉन झाली तर पहाटे ८० एकक. तोच झिजका पंप तापला तर सुरू करताना १६० एकक. पण एकदा इंजिन १५०० फेऱ्यांवर गेले की अवघे १६. समजा, या इंजिनाला सुरू होताना १०० एककांपर्यंतची गळती परवडते. मग काय दिसेल? पहाटे ८०, एका सेल्फात सुरू. समुद्रात १६, मस्त चाल. बंद करून पुन्हा सुरू करायला गेलो तर १६०, उठत नाही. आणि चाल ६०० फेऱ्यांवर आणली तर ४०. हा आकडा शंभराच्या आत आहे खरा, पण मंद चालीत पंप मुळात थोडेच डिझेल देत असतो, त्यातले एवढे गळून गेले की इंजिन बसते. शंभराची मर्यादा आम्ही हिशेबापुरती धरली आहे. पण तक्रारीतले प्रत्येक वाक्य या एका गृहीतातून आपोआप बाहेर पडते. चांगल्या निदानाची ही खूण असते. बॅटरी, गाळणी आणि नोझल असे तीन वेगवेगळे दोष एकाच वेळी मानावे लागत असतील, तर निदानाबद्दल शंका घ्यावी.

परतीच्या वाटेवर त्रास वाढतो त्याचेही कारण येथे मिळते. पंप आणि नोझलमधून उरलेले गरम डिझेल नळीने पुन्हा टाकीत जाते. टाकीत साठा कमी उरला की तो लवकर तापतो. शिवाय इंजिन बंद केल्यावर थंड पाण्याचा फेरा थांबतो, पण लोखंडात साठलेली उष्णता पंपाकडे येतच राहते. म्हणून बंद करून लगेच सुरू केले तर उठणारे इंजिन पंधरा मिनिटांनी उठत नाही, असा चमत्कारही पाहायला मिळतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलेले असेल, तर ते पातळ असल्याने झीज नसतानाही थोडीफार हीच लक्षणे दिसतील.

निदान पक्के करायला भिजलेले फडके पुरते. इंजिन तापून बसले आणि उठेना, की फक्त पंपाच्या अंगावर ओले गोणपाट किंवा फडके गुंडाळावे, वरचेवर ओले करीत दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. सिलिंडर, झडपा, सेल्फ सारे गरमच राहते, थंड होतो तो पंप एकटा. आता सेल्फ मारल्यावर इंजिन उठले तर झडपांवरचा संशय गेला, पंपावरचा वाढला. ‘पंधरा मिनिटांत सगळेच थोडे निवले असेल’, अशी शंका विद्यार्थ्याने घ्यायला हवी. तिचे उत्तर असे की, दुसऱ्या दिवशी फडक्याशिवाय तितकाच वेळ थांबून पाहावे. दोन्ही खेपा बंदरात बांधलेल्या बोटीवर कराव्यात. खडकाजवळ प्रयोग करू नयेत.

फडक्याऐवजी बादलीभर पाणी ओतण्याचा मोह होतो. तो टाळावा, विशेषतः पंप फिरत असताना. वीस मिलिमीटर व्यासाचे पोलादी डोके बाहेरून एकदम ३० अंशांनी थंड झाले तर त्याचा व्यास साडेसहा मायक्रॉनने आकसू पाहतो. आतला रोटर अजून गरम आणि फुगलेला. फट होती तीन-सहा मायक्रॉनची! पंप जागीच आवळला जाण्याची पुरती तयारी झाली.

दोष पंपात आहे असे ठरले की बोटीवर करण्यासारखे फार उरत नाही. पंप कॅलिब्रेशनच्या दुकानात जातो, एलिमेंट किंवा डोके-रोटर बदलतात. तोवर मंद चाल थोडी वर ठेवणे, समुद्रात विनाकारण इंजिन बंद न करणे आणि पंपावर वारा खेळेल असे पाहणे, एवढे हाती आहे. हे न करता आधी बॅटरी, मग गाळणी, मग नोझल असे एकेक सुटे भाग बदलत गेले की खर्च होतो आणि पंप तसाच राहतो. सेल्फची शंका फेडायची असेल तर कान पुरेसा असतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, ६० अंश तापलेल्या मोटारीत तो जवळजवळ चौथा हिस्सा वाढलेला असतो. त्यात खाऱ्या हवेने हिरवे पडलेले जोड असतील तर सेल्फ रडत फिरतो. तो पहाटेसारखाच फिरत असेल तर त्याला सोडून द्यावे.

पंप झिजतो मुख्यतः पाणी आणि बारीक कण यांमुळे, कारण डिझेल हेच त्याचे वंगण आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि टाकीतल्या दमट हवेचे पाणी होते असे सर्रास सांगतात. हिशेब करून पाहण्याजोगा आहे. टाकीत १०० लिटर हवा आणि दिवस-रात्रीत ५ अंशांचा फरक धरला, तर रोज जेमतेम १.७ लिटर नवी हवा आत येते. ३० अंशांच्या संपृक्त हवेत घनमीटरला ३० ग्रॅम बाष्प असते. म्हणजे रोजचे ०.०५ ग्रॅम, ६१ दिवसांत ३ ग्रॅम. चमचाभरही नाही! टाकीच्या तळाशी पेलाभर पाणी सापडले तर ते झाकणाच्या फाटक्या वॉशरमधून आलेले पावसाचे पाणी किंवा ड्रममधूनच आलेले पाणी असण्याचा संभव कितीतरी अधिक. वॉशर बदलावा.

एक प्रकार मात्र या साऱ्यापासून वेगळा ठेवला पाहिजे. खाडीच्या चिखलाने किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीने थंड पाण्याचे तोंड बुजले की इंजिन खरोखरच बेसुमार तापते. ॲल्युमिनिअमचा दट्ट्या बिडाच्या सिलिंडरपेक्षा दुपटीने प्रसरण पावतो. १०० मिलिमीटर व्यासाला १०० अंशांमागे ०.१२ मिलिमीटर फट नाहीशी होते आणि दट्ट्या आवळतो. असे इंजिन हँडलने फिरवतानाच जड लागते. त्याला सेल्फ मारणे म्हणजे सिलिंडर ओरबाडणे. तेथे थांबणे हाच उपाय.

लहान होड्यांच्या मागे टांगलेल्या पेट्रोल इंजिनांची गोष्ट निराळी. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात, त्यामुळे बंद केलेल्या गरम इंजिनाच्या नळीत वाफेचे बुडबुडे अडकतात. शिवाय तेथे ठिणगी लागते. कॉइलच्या आवरणातली बारीक चीर तापल्यावर रुंदावली की ठिणगी नाहीशी होते. तेथेही प्रश्न तोच, की तापल्यावर इंधन नाहीसे झाले की ठिणगी?

वर्गात श्यानतेचा भाग सहज दाखवता येईल. सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज दट्ट्या काढून उभी धरा, तोंडावर बोट ठेवून तीत एरंडेल भरा, बोट काढा आणि ते रिकामे व्हायला लागणारा वेळ मोजा. मग तेच तेल कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून ४०, ५०, ६० अंशांना पुन्हा मोजा आणि वेळ विरुद्ध तापमान असा आलेख काढा. रेषा सरळ येत नाही, सुरुवातीला झपाट्याने उतरते आणि पुढे सपाट होत जाते. शेंगदाण्याचे तेल घेतले तर उतार सौम्य मिळतो. डिझेल किंवा पेट्रोल मात्र वर्गात तापवू नये.